नवीन वर्षात देवाची सेवा करायचीय? मग आधी आपल्या घरासमोरची भिंत बघा

वर्षाच्या शेवटच्या रात्री उपासनेत मन भरून आलेलं असतं, डोळे ओले असतात, आणि त्या भरात आपण देवाला सांगून टाकतो की प्रभू, या वर्षी मी तुझी सेवा करणार. ते खोटं नसतं हो, अगदी आतून आलेलं असतं. पण पुढे काय होतं ते आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे, फेब्रुवारी येतो, ऑफिस, मुलांचा अभ्यास, घरातली आजारपणं सुरू होतात आणि ती प्रार्थना कुठेतरी मागे राहून जाते, मग पुढच्या डिसेंबरला तीच प्रार्थना पुन्हा, आणि या वेळी थोडी लाजही वाटते.

माझं एका वर्षी असंच झालं. मी पाच ठिकाणी नाव दिलं होतं: संडे स्कूल, गायनमंडळ, आजाऱ्यांच्या भेटी, प्रार्थनेचा ग्रुप आणि तरुणांची मीटिंग. ईस्टर यायच्या आत तीन कामं सुटली होती आणि उरलेली दोन मी चिडचिड करत ओढत होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे संडे स्कूलची मुलं दोन रविवार वाट बघून घरी गेली होती, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की टीचर येणार नाहीयेत. त्या मुलांचं मला अजून वाईट वाटतं. त्यानंतर मी बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक, म्हणजे यरुशलेमची पडलेली भिंत पुन्हा उभी करणाऱ्या माणसाची गोष्ट, नीट, सावकाश वाचलं आणि सेवेकडे बघायची माझी पद्धतच बदलली. खाली जे लिहितेय ते बहुतेक तिथूनच आलंय, आणि नंतरच्या काही वर्षांत करून बघितलेलं आहे.

नहेम्याचा तिसरा अध्याय लोक सहसा गाळून पुढे जातात कारण तिथे नुसती नावं आहेत, याने इथपासून दुरुस्त केलं, त्याच्या शेजारी त्याने दुरुस्त केलं. पण नीट वाचा. सोनार आहेत, गंधी आहेत, व्यापारी आहेत, याजक आहेत, एक शल्लूम आहे जो आपल्या मुलींना बरोबर घेऊन भिंत बांधतोय. उकिरडा वेस कोणी दुरुस्त केली तर एका प्रांताच्या अधिकाऱ्याने! आणि पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट म्हणजे अमुक माणसाने 'आपल्या घरासमोर' दुरुस्ती केली. यरुशलेमची अख्खी भिंत कोणी एकट्याने बांधली नाही. प्रत्येकाने एक तुकडा घेतला, कित्येकांनी आपल्या दारासमोरचाच, आणि ५२ दिवसांत भिंत उभी राहिली (नहेम्या ६:१५).

तर या वर्षी तुमचा तुकडा कोणता, एवढंच शोधायचंय.

पहिलं काम: काही ठरवू नका, आधी बसा

बऱ्याच जणांना हे पटत नाही, नवीन वर्ष सुरू झालंय आणि ही बाई म्हणते बसा. पण नहेम्याला किसलेव महिन्यात यरुशलेमची बातमी कळली आणि पर्शियाच्या राजापुढे, ज्याच्या दरबारात तो कामाला होता, तो बोलला ते नीसान महिन्यात, म्हणजे मधे साधारण चार महिने गेले. त्या काळात तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. देवाच्या कामाची घाई नव्हती असं नाही, पण त्या कामासाठी माणूस तयार व्हायला वेळ लागतो.

तुम्हाला चार महिने नकोत, एक संध्याकाळ काढा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, वही घ्या आणि तीन गोष्टी लिहा. गेल्या वर्षी देवाने मला कुठे वापरलं? मी काय अर्धवट सोडलं? आणि सेवेतल्या कोणत्या माणसाबद्दल माझ्या मनात अजून कडू आहे? पहिला प्रश्न गाळू नका, आपण ख्रिस्ती लोक स्वतःला दोष द्यायला फार तयार असतो आणि देवाने केलेलं लिहायला विसरतो. शेजारणीला हॉस्पिटलला सोडलंत ना, लिहा. घरच्या म्हाताऱ्या माणसाला रोज वचन वाचून दाखवलंत ना, लिहा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना खूप जण खचतात. त्यांना मला योहान मार्कबद्दल सांगायचंय. पौल आणि बर्णबाबरोबर तो निघाला आणि मधेच सोडून यरुशलेमला परत गेला (प्रेषित १३:१३). पुढे त्याला परत न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबात एवढा वाद झाला की ते दोघे वेगळे झाले. आणि तोच पौल शेवटच्या दिवसांत तुरुंगातून तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). सेवा अर्धवट सोडलेल्या माणसाला देवाने कायमचं बाद केलं नाही. म्हणून जे सुटलं ते देवाजवळ कबूल करा, ज्याचं नुकसान झालं त्याला जाऊन सॉरी म्हणा, आणि विलापगीत ३:२२-२३ वाचा, देवाची दया रोज सकाळी नवी होते, फक्त एक जानेवारीला नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं मात्र कामच करावं लागेल. येशूने सांगितलंय की वेदीपाशी अर्पण आणलंय आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट कर (मत्तय ५:२३-२४). गायनमंडळात ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्याच शेजारी उभं राहून स्तुतिगीत गाणं, हे किती वर्षं चालवायचं? एक फोन करा. मेसेज नको, फोनच करा, मेसेजमध्ये आवाज ऐकू येत नाही आणि गैरसमज वाढतात. समोरचा तयार नसेल तर तुमच्याकडून दार उघडं ठेवा आणि पुढे चला.

भिंत कुठे पडलीय ते बघा

यरुशलेमला पोचल्यावर नहेम्याने भाषण नाही केलं, तीन दिवस थांबला आणि मग रात्री थोडे लोक घेऊन कोणाला न सांगता पडलेली भिंत बघत फिरला. आपण उलटं करतो, मला काय आवडतं तिथून सुरुवात करतो, आणि मग मंडळीत गिटार वाजवायला सहा जण असतात आणि ज्या आजी डोळ्यांनी दिसत नाही म्हणून घरी बसल्यात त्यांच्याकडे जायला एकही नसतो.

जानेवारीचे चार रविवार हे काम करा: उपासना संपल्यावर लगेच निघू नका, पंधरा मिनिटं थांबा आणि नुसतं बघा. कोण एकटं उभं आहे, कोण पहिल्यांदा आलंय आणि कोणीच त्याच्याशी बोललं नाही, कोण तीन आठवडे दिसलेलं नाही, खुर्च्या कोण उचलतंय आणि तो माणूस किती थकलाय. मग पाळकांना भेटा आणि त्यांना सरळ विचारा, "पास्टर, असं कोणतं काम आहे जे करायला कोणी मिळत नाही?" हा प्रश्न त्यांना क्वचितच कोणी विचारतं, आणि उत्तर बहुतेक वेळा साधं असतं. वहीत लिहून ठेवा.

चर्चच्या बाहेरही बघा, तुमची बिल्डिंग, तुमचं ऑफिस, तुमचे नातेवाईक. याकोब १:२७ मध्ये शुद्ध धर्माचरण म्हणजे काय सांगितलंय तर अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं आणि स्वतःला जगापासून निष्कलंक ठेवणं. त्यात माइक नाही, स्टेज नाही.

हातात काय आहे?

देवाने मोशेला विचारलं, तुझ्या हातात ते काय आहे? काठी होती, मेंढरं राखायची. येशूने पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा एका मुलाकडे पाच भाकरी आणि दोन मासळ्या होत्या. यापोच्या टबीथाकडे, जिला दुर्कस म्हणायचे, सुई होती, आणि ती गेली तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे दाखवत होत्या (प्रेषित ९:३९). तिने केलेला एकही उपदेश शास्त्रात लिहिलेला नाही, तिने शिवलेले कपडे मात्र लिहिलेत.

म्हणून कृपादान, म्हणजे देवाने सेवेसाठी दिलेली देणगी, शोधताना इंटरनेटवरच्या टेस्ट भरण्यात फार वेळ घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. रोम १२:६-८ मोठ्याने वाचा, तिथे सेवा करणं, शिकवणं, बोध करणं, दान देणं, अधिकार चालवणं, दया करणं असं सगळं एकाच रांगेत बसवलंय. मग स्वतःला विचारा की कोणतं काम केल्यावर मी थकते पण रिकामी होत नाही? आणि तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या दोन माणसांना विचारा की माझ्यामुळे तुम्हाला कधी खरा आधार मिळाला, कशामुळे? ती जे सांगतील ते बहुतेक तुम्हाला 'दान' वाटलंच नसेल. कोणी म्हणेल तू ऐकून घेतेस. कोणी म्हणेल तुझा हिशोब पक्का असतो.

आणि वेळ मोजा, खरा वेळ. एक आठवडा रोज झोपण्याआधी लिहा की आजचे तास कुठे गेले. येशूनेच सांगितलंय की बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज करतो (लूक १४:२८). लहान मूल असलेल्या आईकडे आठवड्याला चाळीस मिनिटं असतील, शिफ्टमध्ये काम करणाऱ्याकडे फक्त बुधवारची दुपार असेल, तर तेवढंच देवापुढे ठेवा. तालंतांच्या (तालंत म्हणजे मोठी रक्कम) दाखल्यात पाच मिळालेल्याला आणि दोन मिळालेल्याला धनी जे बोलला ते अगदी तेच शब्द आहेत, एकही कमी नाही, जास्त नाही (मत्तय २५:२१ आणि २३ शेजारी ठेवून बघा).

जे आजारी आहेत, अंथरुणावर आहेत, ज्यांना वाटतं आता आपल्याकडून काय होणार, त्यांच्यासाठी इथे थोडं थांबते. हन्ना चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा, उपास आणि प्रार्थना करून रात्रंदिवस सेवा करायची, आणि लूक त्याला 'सेवा'च म्हणतो (लूक २:३७). आपला सहकारी एपफ्रास याच्याबद्दल पौल कलस्सैच्या मंडळीला लिहितो की तो तुमच्यासाठी प्रार्थनेत जीव तोडून श्रम करतो. एका वहीत दहा नावं लिहा, रोज दोन नावं घेऊन प्रार्थना करा, आणि आठवड्यातून एकदा त्यातल्या एकाला फोन करून सांगा की आज तुझ्यासाठी प्रार्थना केली, कशी आहेस? मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७५५ साली लंडनमध्ये देवाबरोबर करार नव्याने करण्याची उपासना घेतली होती, मेथडिस्ट मंडळ्यांमध्ये ती अजूनही बऱ्याच ठिकाणी नवीन वर्षाच्या सुरुवातीला होते, आणि त्या परंपरेतल्या प्रार्थनेत माणूस देवाला म्हणतो की मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, दोन्ही तुझ्याचसाठी. बाजूला ठेवलं जाणं हेसुद्धा देवाला वाहता येतं. ही प्रार्थना तोंडाने म्हणणं सोपं नाही, मला तर ती अजून जड जाते.

आता एकच निवडा, आणि वाक्यात लिहा

यादी झाली, हातात काय आहे ते कळलं, वेळ मोजला. आता एक काम निवडा. एकच, खरंच एकच. गेल्या वर्षीची कामं चालू असतील तर त्यातलं कोणतं ठेवायचं आणि कोणतं व्यवस्थित दुसऱ्याकडे द्यायचं तेही आत्ताच ठरवा.

निवडलेलं काम असं लिहायचं की त्यात कोणासाठी, काय, कधी आणि कधीपर्यंत हे चारही येईल. 'या वर्षी लोकांना मदत करीन' हे लिहून काहीच होत नाही, कारण कोणत्या दिवशी उठून काय करायचं तेच त्यात नाही. त्याऐवजी असं लिहा: 'दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता मी त्या आजींकडे जाऊन अर्धा तास वचन वाचीन, मार्चअखेरपर्यंत.' किंवा 'महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी नवीन आलेल्यांचं स्वागत मी करीन, जूनपर्यंत.' मुदत घालायला घाबरू नका, तीन महिने झाले की थांबून बघता येतं, आणि तीन महिने पाळलेला शब्द हा बारा महिन्यांच्या मोडलेल्या शब्दापेक्षा त्या आजींच्या कितीतरी जास्त उपयोगाचा. आणि वाक्याच्या खाली एक ओळ लिहा: प्रभूची इच्छा असेल तर. याकोबाने ४:१५ मध्ये सांगितलंय तसं. शोभेसाठी लिहायची नाही ती, वर्ष आपल्या हातात नाहीये हे लक्षात ठेवण्यासाठी लिहायची.

बाकीच्यांना नाही म्हणायचं कसं हा प्रश्न खूप जण विचारतात, विशेषतः बायका, कारण आपल्याला नाही म्हणणं म्हणजे पाप केल्यासारखं वाटतं. प्रेषितांची कृत्ये सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं, गंभीर प्रश्न होता, तरी बारा प्रेषितांनी ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं नाही, त्यांनी सात माणसं निवडायला सांगितली. त्यांनी नाही म्हटलं म्हणून स्तेफन आणि फिलिप्प पुढे आले. तुम्ही सगळंच धरून बसलात तर तुमच्या मागे उभ्या असलेल्या स्तेफनाला जागाच मिळत नाही. "मी या सहा महिन्यांत हे एक काम घेतलंय, ते नीट करायचंय, पण अमुक व्यक्तीला विचारून बघा" असं प्रेमाने म्हणा आणि कारणांची मालगाडी जोडू नका.

घरच्यांना सांगा, आणि जोडीदार शोधा

तुमची सेवा ही घरातल्यांच्याही वेळातून जाते. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही नसणार म्हणजे मुलांकडे कोण बघणार हे आधी बोलून घ्या, नंतर भांडण झालं की सेवेचं नाव खराब होतं. शल्लूमासारखं मुलांना बरोबर घेता आलं तर अजूनच छान, मुलं उपदेशापेक्षा बरोबर चालून जास्त शिकतात.

आणि एकटं करू नका. येशूने शिष्यांना दोघादोघांना पाठवलं (मार्क ६:७). इथ्रोने मोशेला सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करताना बघितलं आणि जावयाला तोंडावर सांगितलं की हे बरं नाही, तू पण थकशील आणि लोक पण थकतील (निर्गम १८). तुमच्या आयुष्यात असा एक इथ्रो हवा, ज्याला महिन्यातून एकदा तुमचं लिहिलेलं वाक्य दाखवता येईल आणि जो खरं बोलेल.

प्रत्यक्ष काम करताना

इथे मला आजारी आणि दुःखी माणसांच्या भेटींबद्दल जरा जास्त लिहायचंय कारण बहुतेक जण हेच काम निवडतात आणि यातच नकळत जखमा होतात. जायच्या आधी विचारा, आज येऊ का, किती वाजता बरं पडेल. पेशंट असेल तर पंधरा-वीस मिनिटं पुरे. बसा, उभं राहून बोललं की माणसाला वाटतं हे निघायच्या घाईत आहेत. आजाराचं कारण शोधू नका, आणि 'तुमच्या विश्वासात कुठे कमी पडलं का बघा' हे तर कधीच म्हणू नका. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, आणि तेवढं त्यांचं सगळ्यात चांगलं झालं, पुढे तोंड उघडून त्यांनी त्याला दोष द्यायला सुरुवात केली आणि शेवटी देवानेच त्यांना सुनावलं. एक छोटं स्तोत्र वाचा, २३ किंवा १२१, प्रार्थना करू का असं विचारा, आणि प्रार्थना लहान ठेवा. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवा. 'प्रार्थनेसाठी विनंती' म्हणून कोणाच्या घरातली गोष्ट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं म्हणजे चहाडीच, नाव कितीही पवित्र दिलं तरी. त्यांची परवानगी असेल तरच टाका. आणि निघताना पुन्हा येते म्हणालात तर या.

मुलांमध्ये काम करणार असाल तर कायम दोन मोठी माणसं खोलीत हवीत, दार उघडं, आणि आईवडिलांना माहीत असलेली वेळ. यात कोणाच्या चांगुलपणावर शंका घ्यायची नाहीये, यात लहान मुलं सुरक्षित राहतात. पैशांचं काम असेल तर मोजायला दोघं, आणि त्याच दिवशी लिहून दोघांची सही. पौलानेसुद्धा वर्गणी नेताना बरोबर माणसं घेतली, का, तर प्रभूसमोरच नाही तर माणसांसमोरही जे चांगलं तेच दिसावं म्हणून (२ करिंथ ८:२०-२१).

ज्यांची सगळी सेवा घरात आणि नोकरीतच आहे त्यांनी कमी लेखून घेऊ नये. कलस्सै ३:२३, जे काही करता ते माणसांसाठी नाही तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे वाक्य मुळात गुलामांना लिहिलेलं आहे, ज्यांना काम निवडायचा हक्कच नव्हता. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा माणूस स्वयंपाकघरात राबायचा, ते काम त्याला मुळात आवडायचंही नाही, पण भांड्यांच्या गडबडीतही तो देवाशी बोलत राहिला, आणि आज तीनशे वर्षं उलटून गेली तरी लोक त्याच्याकडून प्रार्थना शिकतात.

मधे दम लागतो, त्याची तयारी

नहेम्या ४ मध्ये बघा, भिंत अर्ध्या उंचीपर्यंत आली आणि लगेच पुढे लोक म्हणायला लागले की ओझेवाल्यांची शक्ती संपली, राडारोडा फार आहे, आमच्याने होत नाही. सुरुवातीला नाही म्हणाले, अर्ध्यावर म्हणाले. तुमचंही मे-जूनच्या आसपास तसंच होईल, तेव्हा आपलं पाचारणच नव्हतं वाटतं असा निष्कर्ष काढू नका. आधी एवढं तपासा: झोप होतेय का? वचन आणि प्रार्थना चालू आहे, की दुसऱ्यांसाठी तयारी करण्यातच सगळं संपतंय? आठवड्यात एक दिवस खरी विश्रांती आहे का?

एलीया मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. रागावला नाही. कामाबद्दल बोलणं होरेबवर झालं, चाळीस दिवसांनी, आणि तिथे त्याला कळलं की तो एकटा नाही, अजून सात हजार आहेत. शिष्य सेवेवरून परतले आणि जेवायलाही सवड मिळेना तेव्हा येशूच म्हणाला, एकांती चला आणि थोडा विसावा घ्या (मार्क ६:३१). म्हणून एक रविवार सुट्टी घेतली तर अपराधी वाटून घेऊ नका, फक्त आधी सांगून घ्या आणि तुमच्या जागी कोणीतरी उभं करून जा. मी माझ्या त्या मुलांना हेच देऊ शकले नाही.

दुसरा दम फळ दिसत नाही म्हणून लागतो. विल्यम केरी हा इंग्लंडमधला चपला शिवणारा माणूस, १७९३ साली मिशनरी म्हणून भारतात आला आणि त्याच्या मिशनमधला पहिला बंगाली बाप्तिस्मा १८०० च्या डिसेंबरात झाला, कृष्ण पाल यांचा. सात वर्षं! त्यात त्याचा एक लहान मुलगा गेला, बायकोचं मानसिक आजारपण होतं. पुढे १८१२ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूर) छापखान्याला आग लागून भाषांतराची हस्तलिखितं जळाली, आणि त्याने ती पुन्हा करायला घेतली. तुमच्या गुरुवारच्या आजी तीन महिन्यांत हसल्या नाहीत तर तुमचं काम फुकट गेलं असं नाही, १ करिंथ १५:५८ मध्ये पौल सांगतो की प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत.

आणि कोणी कौतुक केलं नाही म्हणून लागणारा दम, हा सगळ्यात लपलेला. त्यावर मला एकच सापडलंय, महिन्यातून एक काम असं करायचं की ते कोणालाच कळणार नाही, ना ग्रुपवर फोटो, ना घरी उल्लेख. मत्तय ६ मधलं गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याबद्दलचं वचन असं केल्याशिवाय समजत नाही.

मुदत संपली की वही उघडा, इथ्रोला बोलवा आणि ठरवा, पुढे चालू, बदल, की दुसऱ्याच्या हाती. दुसऱ्याला देताना नुसतं सांगून मोकळं होऊ नका, दोनतीन वेळा त्याला बरोबर न्या, त्या आजींशी ओळख करून द्या, त्यांना कोणतं स्तोत्र आवडतं ते सांगा.

आणि हे तुम्ही जानेवारीत वाचत नसाल, एप्रिल असेल, ऑगस्ट असेल, आणि वाटत असेल की यंदाचं वर्ष गेलंच, तर गणना ९ वाचा. काही लोकांना पहिल्या महिन्यात वल्हांडण सण पाळता आला नाही, ते मोशेकडे येऊन म्हणाले, आम्ही का वंचित राहावं? मोशेने देवाला विचारलं, आणि देवाने त्यांच्यासाठी दुसऱ्या महिन्याची चौदावी तारीख दिली. तेव्हा आज संध्याकाळी वही घ्या, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पहिला प्रश्न लिहा.